ली काउंटीचं देणं

व्हर्जिनिया राज्याच्या पार नैऋत्येच्या टोकाला, डोंगराळ भागात, ॲबिंगडन नावाचं एक छोटं गाव आहे. २००७ साली तिथल्या फेडरल कोर्टात पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या सहकंपनीने आणि तिच्या तीन बड्या अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. १९९६ साली बाजारात आणलेली ऑक्सीकॉन्टिन ही पेनकिलर खपवताना, हिचं व्यसन लागायचा धोका बाकीच्या गोळ्यांपेक्षा कमी आहे असं डॉक्टरांना खोटं सांगितलं गेलं, हा तो गुन्हा. सगळा मिळून दंड ६३ कोटी डॉलरच्या वर गेला आणि तुरुंगात एकही माणूस गेला नाही. शिक्षा सुनावली त्या दिवशी पोटची पोरं गमावलेले आईबाप कोर्टात येऊन बोलले, न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, अधिकाऱ्यांना प्रोबेशन आणि समाजसेवा मिळाली, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

ॲबिंगडन ज्या काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) येतं त्याच वॉशिंग्टन काउंटीत, २००४ पासून, बार्बरा किंगसॉल्व्हर ही कादंबरीकार नवऱ्याबरोबर शेतावर राहते. त्या निकालानंतर पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, तिची 'डेमन कॉपरहेड' ही कादंबरी आली. त्याच डोंगराळ भागातल्या ली काउंटीतल्या एका पोराची गोष्ट. २०२३ चं पुलित्झर तिला मिळालं (त्या वर्षी ते दोघांत वाटून दिलं गेलं) आणि ब्रिटनमधला विमेन्स प्राइजही मिळाला, जो दोनदा मिळवणारी ती पहिलीच लेखिका.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याचं कारण एका जुन्या मित्राशी झालेला वाद. मित्र चांगला वाचणारा आहे. तो म्हणाला की बाईंना लिहिता येतं यात शंका नाही पण त्या मुळात प्रचारक आहेत, आधी मुद्दा ठरवतात आणि मग त्याला हातपाय फुटतात, आणि अशा लिखाणाला साहित्य म्हणून इतकं डोक्यावर घेणं बरोबर नाही. हा आक्षेप मी पहिल्यांदा ऐकला असं नाही. आपल्याकडे फडके-खांडेकर वादापासून हा प्रश्न चघळला जातोय, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, आणि शाळेत निबंध लिहिताना आपण सगळ्यांनी शेवटी दोन्ही बाजू बरोबर आहेत असं लिहून मार्क घेतलेत. मला आता तसं लिहायचं नाहीये. माझं म्हणणं असं की कादंबरीकाराने उघड बाजू घ्यावी, जरूर घ्यावी, फक्त ती बाजू घ्यायचा हक्क त्याने आधी कमवायला हवा, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्यात राहून, त्यांचं ऐकून, त्यांच्या बोलीत. आणि लिहून झाल्यावर त्यांचं देणं लागतो हे विसरू नये. किंगसॉल्व्हरबाईंचं चाळीस वर्षांचं काम पाहिलं तर हा हक्क कसा कमवतात ते टप्प्याटप्प्याने दिसतं, म्हणून त्यांचं उदाहरण.

जन्म १९५५ चा, वाढल्या केंटकी राज्यातल्या कार्लाइल नावाच्या छोट्या गावात, तंबाखूच्या शेतांच्या मुलखात. वडील डॉक्टर. १९६३ मध्ये वडील काही काळ काँगोला गेले तेव्हा सगळं कुटुंब बरोबर गेलं, बार्बरा सात-आठ वर्षांची. एका खेड्यात, वीज नाही, नळ नाही, आणि आजूबाजूला सगळे काळे, आपणच एकटे गोरे. आपण जे नॉर्मल समजतो ते दुसऱ्या ठिकाणी विचित्र असतं, हे त्या वयात कळणं ही मोठी गोष्ट आहे. नंतर इंडियानातल्या डीपॉ युनिव्हर्सिटीत त्या गेल्या पियानोच्या स्कॉलरशिपवर, पण पियानोवर पोट भरणार नाही हे लक्षात आल्यावर बायॉलॉजीकडे वळल्या. तिथे त्यांच्या केंटकीच्या बोलण्याची चेष्टा झाली. 'हिलबिली' हा शब्द अमेरिकेत ॲपलेचियाच्या डोंगराळ भागातल्या माणसांसाठी वापरतात, अडाणी, गावंढळ, दात किडलेला, दारू पिणारा, असं सगळं त्यात आलं. हा शब्द आपल्याला लागू होतो हे घर सोडल्यावरच कळतं. पुढे ॲरिझोनात जाऊन इकॉलॉजी आणि उत्क्रांतीशास्त्रात मास्टर्स केलं, युनिव्हर्सिटीत सायन्स रायटर म्हणून नोकरी केली. म्हणजे लिखाणाची सुरुवात कवितेच्या वहीपेक्षा जास्त करून रिपोर्टपासून झाली.

आणि मग १९८३ चा तो संप. माझ्या मते बाईंना लेखक बनवलं ते या संपाने, म्हणून इथे जरा थांबतो.

ॲरिझोनातल्या क्लिफ्टन, मोरेन्सी, आहो या गावांत फेल्प्स डॉज कंपनीच्या तांब्याच्या खाणी होत्या. १९८३ च्या जुलैत कामगार संपावर गेले. कंपनीने बाहेरून माणसं आणून खाण चालू ठेवायचं ठरवलं, गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले, हेलिकॉप्टरं, रणगाडे, आणि हे सगळं कुठे तर जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात अशा खाणीवरच्या गावात. युनियनच्या माणसांनी गेटवर उभं राहण्यावर कोर्टाने बंधनं घातली. तेव्हा बायका उभ्या राहिल्या. कामगारांच्या बायका, आया, आणि काही स्वतः खाणीत काम करणाऱ्या, त्यातल्या बऱ्याचशा मेक्सिकन वंशाच्या. ज्यांनी आत्तापर्यंत फक्त चर्चसाठी आणि युनियनच्या कार्यक्रमासाठी जेवण रांधलं होतं त्या पहाटे जाऊन पिकेट लाइनवर उभ्या राहायला लागल्या, अश्रुधूर खाल्ला, अटक झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लिफ्टनला नदीचा पूर आला, घरं वाहून गेली, तरी हटल्या नाहीत. किंगसॉल्व्हर तिथे फ्रीलान्स पत्रकार म्हणून बातमी करायला गेल्या होत्या, आणि मग पुन्हा पुन्हा जात राहिल्या, टेप रेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात बसून त्या बायकांचं ऐकत राहिल्या. संप शेवटी हरला, युनियनची मान्यताच गेली. पण किंगसॉल्व्हरबाईंचं त्या बायकांवरचं 'होल्डिंग द लाइन' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं.

आता यात बाजू घेतलीय का? उघड घेतलीय. पुस्तक वाचताना एका पानावरही शंका येत नाही की लेखिका कुणाच्या बाजूला उभी आहे. पण त्यातल्या बायका साध्वी नाहीत, त्या एकमेकींशी भांडतात, घाबरतात, संप फोडून कामावर गेलेल्या स्वतःच्या नातेवाइकांशी बोलायचं बंद करतात, आणि हे सगळं त्यांच्या शब्दात आहे. ज्याने कुणाचं तरी शेकडो तास ऐकलंय त्याला त्या माणसाचा पुतळा करता येत नाही, असं मला वाटतं. प्रचारकी लिखाणाचा खरा रोग तिथे असतो, मुद्दा असणं हा रोग नाहीच, माणसं न ऐकता मुद्दा मांडणं हा आहे.

याच सुमाराला पहिली कादंबरी 'द बीन ट्रीज' लिहिली. गरोदर होत्या, रात्री झोप यायची नाही, तर नवऱ्याची झोपमोड नको म्हणून कपाटासारख्या एवढ्याशा खोलीत बसून लिहायच्या. ती १९८८ ला आली, संपाच्या पुस्तकाच्या आधी. केंटकीतून निघून टूसॉनला आलेली एक मुलगी, वाटेत तिच्या गाडीत कुणीतरी ठेवून दिलेलं एक लहान मूल, आणि ग्वाटेमालातून जीव वाचवून पळून आलेलं एक जोडपं. त्या काळात मध्य अमेरिकेतून आलेल्या निर्वासितांना लपवून ठेवणाऱ्या चर्चच्या लोकांवर ॲरिझोनात खटले चालू होते, म्हणजे विषय अगदी ताजा होता.

'द पॉइझनवुड बायबल' बद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मित्राच्या आक्षेपाला सगळ्यात चांगलं उत्तर त्या कादंबरीच्या बांधणीतच आहे.

१९५९ मध्ये जॉर्जियातला नेथन प्राइस नावाचा पाद्री बायको आणि चार मुलींना घेऊन बेल्जियन काँगोतल्या एका खेड्यात धर्मप्रसाराला जातो. १९६० च्या जूनमध्ये काँगो स्वतंत्र होतो, पॅट्रिस लुमुंबा पंतप्रधान होतात, काही महिन्यांत त्यांना हटवलं जातं आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांचा खून होतो, आणि त्यांना बाजूला काढण्याच्या कटात अमेरिकेच्या सीआयएचाही हात होता. पुढे मोबुटूची तीस-बत्तीस वर्षांची हुकूमशाही, तीही अमेरिकेच्या पाठिंब्यावर. हा सगळा राजकीय इतिहास कादंबरीत आहे आणि लेखिका अमेरिकन असून अमेरिकेला सोडत नाही. पण गोष्ट सांगतं कोण तर आई आणि चार मुली. पाच आवाज, पाचही वेगळे, एक आरशात बघून केसांची काळजी करणारी, एक बापावर जीव टाकणारी, एक शब्द उलटे-सुलटे करून वाचणारी, एक अगदी लहान. ज्याला सतत बोलायचंय, उपदेश करायचाय, त्या पाद्र्याला स्वतःचं एकही प्रकरण दिलेलं नाही. म्हणजे उपदेशकावर लिहिलेल्या कादंबरीत उपदेशकाच्या हातात माइकच नाही! ही फक्त टेक्निकची करामत नव्हे, उपदेशाबद्दलचं लेखिकेचं मतच त्यात आलंय.

आणि तो भाषेचा प्रसंग. तिथल्या किकाँगो भाषेत एकाच शब्दाचा अर्थ उच्चार बदलला की बदलतो. पाद्री रोज भाषणाच्या शेवटी जोरात ओरडतो की येशू बांगाला आहे, त्याला म्हणायचं असतं येशू अनमोल आहे, पण त्याच्या उच्चाराने त्याचा अर्थ होतो अंगाला लागलं की फोड येणारं विषारी झाड. वर्षभर तो हे ओरडत राहतो, त्याला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. दुसऱ्याची भाषा न ऐकता त्याचं भलं करायला निघालेल्या माणसाबद्दल यापेक्षा नेमकं काही मी तरी वाचलेलं नाही, आणि हे दृश्य लेखकांनाही तेवढंच लागू आहे.

हे पुस्तक लिहायला त्या जवळजवळ तीस वर्षं थांबल्या. मोबुटू सत्तेवर असेपर्यंत त्या देशात जाता येत नव्हतं, म्हणून आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशांत फिरल्या, जुनी कागदपत्रं वाचली. १९९८ ला कादंबरी आली. ज्याला फक्त प्रचार करायचा असतो तो तीस वर्षं थांबेल का, मला तरी पटत नाही.

आता आक्षेप घेणाऱ्यांची बाजू. १९९९ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' मध्ये एका समीक्षकाने बाईंवर लांबलचक टीका केली, की हे गोड-गोड, भल्या माणसांचं लिखाण आहे, वाचकाला आपण किती चांगले आहोत असं वाटायला लावणारं. ती टीका सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१८ ची 'अनशेल्टर्ड' वाचताना मला स्वतःला ते जाणवलं, त्यातली काही माणसं जेवणाच्या टेबलावर बसून एकमेकांशी बोलत नाहीत, पॅनलवर बसल्यासारखी मतं मांडतात, भांडवलशाहीवर एकाचं भाषण, त्याला दुसऱ्याचं उत्तर. तिथे माणसं दिसेनाशी होतात. मित्राचा आक्षेप त्या पुस्तकाला लावला तर मी वाद घालणार नाही. पण एका लेखिकेचं एक पुस्तक फसलं म्हणून बाजू घेणंच चूक ठरत नाही. फक्त प्रेमकथा लिहिणाऱ्यांची पण पुस्तकं फसतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की प्रेमावर लिहूच नये.

शिवाय बाजू घेण्याची किंमत पण मोजावी लागते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच बाईंनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. बालवाडीतली मुलगी घरी येऊन सांगते की उद्या सगळ्यांनी लाल-पांढरा-निळा घालून यायचंय, तिथून तो सुरू होतो, आणि पुढे म्हणणं असं की झेंडा सगळ्यांचा आहे, प्रश्न विचारणाऱ्यांचाही, तो दुसऱ्याला गप्प बसवायला वापरू नका. त्यातली वाक्यं मागचं-पुढचं तोडून सगळीकडे फिरवली गेली आणि देशद्रोही म्हणून भरपूर शिव्या खाव्या लागल्या. असल्या गोष्टी सध्याच्या दिवसांत जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्या वेळी गप्प बसणं सोपं होतं, पुस्तकं छान खपत होती.

आणि बाजू घेणं म्हणजे आपल्या कळपाची री ओढणं असंही नाही. २०१२ च्या 'फ्लाइट बिहेव्हियर' मध्ये हे फार छान आलंय. मोनार्क फुलपाखरं दर हिवाळ्यात लाखोंनी मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरात जातात, त्या ऐवजी ती हवामान बिघडल्यामुळे टेनेसीच्या एका डोंगरावर उतरतात, अशी कल्पना. लेखिका स्वतः इकॉलॉजी शिकलेली, त्यामुळे विज्ञान पक्कं आहे. डेलारोबिया नावाची तिथली गरीब शेतकऱ्याची बायको, दोन लहान मुलं, सासूच्या धाकात, नवं स्वेटर घ्यायचं तर सेकंडहँड दुकानात. तिच्याकडे एक शहरातला पर्यावरणवाला कार्यकर्ता येतो आणि हातात यादी घेऊन तिला विचारायला लागतो की कार्बन कमी करायला तुम्ही काय काय सोडाल. हॉटेलात उरलेलं घरी न्यायला स्वतःचा डबा बरोबर न्या. ती दोन वर्षांत हॉटेलात गेलेली नाही. विमानप्रवास कमी करा. ती आयुष्यात विमानात बसलेली नाही. तो हळूहळू ओशाळत जातो, यादी संपत येते. लेखिका हवामानबदलाच्या बाबतीत शंभर टक्के त्या कार्यकर्त्याच्या बाजूची आहे आणि तरी हा प्रसंग तिने लिहिलाय, कारण ती त्या बाईच्या घरात पण राहिलेली आहे. पर्यावरणाची चळवळ गरिबाच्या दारात जाऊन नेमकी कुठे अडखळते हे कळायला मला ते चार पानांचं बोलणं पुरलं.

आता ली काउंटी.

त्या भागावरच गोळ्यांचं संकट का कोसळलं याला कारणं आहेत, नशीब नाही. शंभर वर्षं तिथे कोळसा निघाला. जमीन कंपनीची, दुकान कंपनीचं, कोळशाशिवाय दुसरा धंदा उभा राहिला नाही. मग खाणी बंद होत गेल्या, मशिनं आली, आणि मागे राहिली पाठ मोडलेली, गुडघे गेलेली माणसं, अपंगत्वाच्या सरकारी पेन्शनवर जगणारी. दुखणं खरं होतं आणि डॉक्टर आधीपासूनच पेनकिलर जास्त लिहून द्यायचे. कंपनीकडे कुठला डॉक्टर किती गोळ्या लिहितो याचा डेटा होता, आणि जिथे जास्त तिथेच सेल्समन पाठवले. व्हर्जिनियाचा हा कोपरा, पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया. ली काउंटीतल्या सेंट चार्ल्स या खाणगावातल्या आर्ट व्हॅन झी नावाच्या डॉक्टरांनी २००० च्या आसपासच ओरडून सांगायला सुरुवात केली होती की माझ्या डोळ्यासमोर पोरं मरतायत. पुढचं सगळ्यांना माहितीये, गोळ्यांवरून हेरॉइन, हेरॉइनवरून फेंटानिल, २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत अमेरिकेत ओव्हरडोसने प्रत्येकी लाखाच्या वर माणसं गेली.

आणि या सगळ्यावर बाकीच्या देशाची प्रतिक्रिया काय, तर ही डोंगरातली माणसं मुळात तशीच, आळशी, नशेडी, चुकीचं मत देणारी. हा जो तुच्छपणा आहे तो बाईंना आयुष्यभर सलत आलाय, त्यांनी मुलाखतींतून तो वारंवार बोलून दाखवलाय. बरेच दिवस त्यांना या विषयावर लिहायचं होतं आणि जमत नव्हतं, कुणाला वाचायची आहे गरीब, नशेत अडकलेल्या पोरांची गोष्ट? मग इंग्लंडमध्ये ब्रॉडस्टेअर्सला त्या एका घरात मुक्कामाला राहिल्या, जिथे चार्ल्स डिकन्स हा जुना इंग्रज कादंबरीकार उन्हाळ्यात येऊन लिहायचा, तेव्हा तिथे पाहुण्यांना खोल्या मिळायच्या. रात्री त्याच्या टेबलाशी बसल्या असताना जणू डिकन्सनेच सांगितलं की गोष्ट पोरालाच सांगू दे, असं त्या सांगतात. डिकन्स स्वतः बाराव्या वर्षी बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता, बाप कर्जापायी तुरुंगात. 'डेव्हिड कॉपरफिल्ड' ही त्याची कादंबरी त्यातून आली, आणि तिचाच साचा घेऊन बाईंची 'डेमन कॉपरहेड'. त्याला कुणी आज प्रचारक म्हणत नाही, त्याच्या वेळी मात्र म्हणणारे होते.

तर हा डेमन. ट्रेलर होममध्ये अल्पवयीन, नशेत असलेल्या आईच्या पोटी जन्मलेला, बाप आधीच गेलेला, केस तांबडे म्हणून कॉपरहेड हे नाव चिकटलेलं, ते तिथल्या एका विषारी सापाचंही नाव आहे. आई त्याच्या वाढदिवसालाच जाते. मग फॉस्टर केअर, म्हणजे ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशा मुलांना सरकार महिन्याचे पैसे देऊन दुसऱ्यांच्या घरात ठेवतं ती व्यवस्था. पहिल्याच घरी म्हातारा शेतकरी पोरांना तंबाखू कापायला जुंपतो, ओली पानं अंगाला लागून निकोटिन कातडीतून आत जातं आणि पोरं ओकायला लागतात. दुसऱ्या घरी त्याला कुत्र्याच्या खोलीत झोपवतात, कायम भुकेला. पुढे फुटबॉलमध्ये चमकतो, आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं नाव घ्यायला लागतात, गुडघा जातो, टीमचा डॉक्टर गोळ्या देतो. वाचताना आपल्याला सगळं दिसत असतं, कुठे चाललंय ते, आणि थांबवता येत नाही. त्याच्या ओळखीच्या जून नावाच्या नर्सचा मित्र केंट, तो पर्ड्यूचा सेल्समन, अगदी गोड माणूस, येताना भेटवस्तू आणतो. राक्षस कुणीच नाही त्यात.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर त्या पोराचं बोलणं. तो विनोदी आहे, चिडका आहे, चित्रं काढतो, शहरातले लोक आम्हाला टीव्हीवर कसं दाखवतात यावर खवळतो. कीव करायला तो जागाच देत नाही. एक-दोन ठिकाणी, नर्स जून कंपनीबद्दल बोलते तेव्हा आणि शाळेतले आर्मस्ट्राँग सर कोळसा कंपन्यांचा इतिहास शिकवतात तेव्हा, मला लेखिकेचा आवाज मागून ऐकू आला, हे मान्य. पण ती पानं मला नको होती असं पण नाही. त्या पोरांना आपण असे का झालो हे आयुष्यात कुणी सांगितलंच नसतं, आणि एक मास्तर ते सांगतो, वर्गातली पोरं पहिल्यांदा ताठ बसतात. असे मास्तर असतात. गोष्टीत त्यांना जागा दिली की प्रचार, आणि नाही दिली की कला, हा कुठला हिशोब?

राहिला प्रश्न पैशाचा, जो मित्राने शेवटी काढला आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटला. दुसऱ्यांच्या गरिबीवर लिहून लेखक श्रीमंत होतो, बक्षिसं घेतो, आणि ती माणसं तिथेच राहतात. हे खरंच आहे, बऱ्याच लेखकांबाबत खरं आहे. किंगसॉल्व्हरबाईंनी २००० च्या सुमारास स्वतःच्या पैशातून सामाजिक प्रश्नांवरच्या, अजून न छापलेल्या कादंबऱ्यांसाठी बेलवेदर प्राइज सुरू केलं, २५,००० डॉलरचं, त्यातून 'मडबाउंड' सारखी पुस्तकं पुढे आली. आणि 'डेमन कॉपरहेड' खपायला लागल्यावर त्या पुन्हा ली काउंटीत गेल्या आणि तिथल्या लोकांनाच विचारलं की तुम्हाला काय हवंय. म्हणजे आपण ठरवून द्यायचं नाही, आधी विचारायचं! लोकांनी सांगितलं की तुरुंगातून किंवा उपचार घेऊन सुटलेल्या बायकांना राहायला जागा नाही, त्या पुन्हा त्याच घरात, त्याच माणसांत जातात आणि पुन्हा अडकतात. मग पुस्तकाच्या रॉयल्टीतून पेनिंग्टन गॅपला एक घर घेऊन दुरुस्त केलं, हायर ग्राउंड नावाचं, नशेतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी, आणि २०२५ मध्ये ते सुरू झालं.

यावर मित्र म्हणाला की हे काम सरकारचं आहे, लेखकाने कादंबरी लिहावी. हो, सरकारचं आहे, आणि खरं तर त्या कंपनीच्या पैशातून व्हायला हवं. पण सरकार करत नाही तोपर्यंत त्या बायकांनी झोपायचं कुठे? आणि पुण्याच्या माणसाने तरी हे म्हणू नये. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत पुढे केली आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. त्या लिखाणाला तेव्हा काही लोकांनी नुसतं रिपोर्टिंग म्हणून बाजूला ठेवलंही असेल, पण मुक्तांगणमधून बरे होऊन घरी गेलेल्यांच्या घरात जाऊन तसं म्हणून बघा.

मित्राला मी पुस्तक दिलंय. वाचून तो मत बदलेल की नाही माहीत नाही, तो हट्टी आहे. तो अर्धं वाचून परवा फोनवर वेगळंच बोलत होता, म्हणाला याचा मराठी अनुवाद करायचा तर या पोराला बोलायला लावायचं कुठल्या मराठीत? पुस्तकी मराठीत तो बोलला तर दुसऱ्या पानावर मरेल. मी म्हटलं वणी-चंद्रपूरकडचं कुणीतरी शोधायला हवं, कोळशाच्या पट्ट्यातलं, ज्याच्या घरात कुणीतरी खाणीत गेलेलं आहे आणि ज्याच्या बोलण्याला कॉलेजात पोरं हसली आहेत. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की तंबाखूच्या शेतातलं ते प्रकरण तेवढं करून बघायला सांगू कुणालातरी.